'ॲडमिट' या शब्दाची उलटतपासणी

"सायन्ना, तुम्ही ॲडमिट का केलंत?"

"मी कुठं केलो मॅडम? मेव्हणा केला."

"मेव्हणा मध्येच कुठून आला? चौकशीच्या खोलीत तर तुम्ही एकटेच होतात."

"चौकशीत न्हाई ओ. निजामाबादला. मला तर सुदबी नव्हती."

मी पेन खाली ठेवलं. बराच वेळ आम्ही एकाच शब्दावर बोलत होतो आणि मनातल्या मनात एकमेकांना वेडं ठरवत होतो. मी कोर्टातलं ॲडमिट विचारत होते. तो दवाखान्यातलं सांगत होता.

मी लातूरला कामगार न्यायालयात वकिली करते, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने. सायन्ना माझ्याकडे आला तेव्हा त्याला कामावरून काढून टाकलेलं होतं. एमआयडीसीतल्या सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्याचं गाव देगलूर तालुक्यात, पार तेलंगणाच्या शिवेला लागून. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्याची बायको गंगामणी सोबत आली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

हकिगत साधी होती. सायन्ना गावी एका लग्नाला गेला आणि मांडवातच त्याच्या पोटात दुखायला लागलं. लग्नघरात कुणाला त्रास नको म्हणून त्याने ते अंगावर काढलं. अपेंडिक्स फुटलं. मेव्हण्याने जीपमध्ये घालून निजामाबादला नेलं. तिथे ऑपरेशन झालं. मेव्हण्याने कारखान्यात फोन केला होता, पण तो कुणी घेतला आणि पुढे कुणाला सांगितला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बरा होऊन सायन्ना कामावर आला, तर गेटवरच त्याच्या हातात चार्जशीट पडलं. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र, पण हे पोलिसांचं नव्हे, कंपनीचं. आरोप दोन होते. परवानगी न घेता गैरहजर राहिला, आणि त्या काळात दुसरीकडे कामाला जात होता. दुसरा आरोप कुणाच्या तरी सांगण्यावरून ठोकून दिलेला होता.

अशा आरोपांची चौकशी कंपनीच करते. तिला आम्ही डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणतो. त्यासाठी बाहेरचा चौकशी अधिकारी नेमतात. तो दोन्ही बाजू ऐकतो, साक्षीपुरावा घेतो आणि आरोप सिद्ध झाला की नाही ते लिहून देतो. पण कामगाराने सुरुवातीलाच आरोप मान्य केला, तर पुढचं सगळं टळतं. साक्षीदार नकोत, कागद नकोत. सही घ्यायची आणि उठायचं.

सायन्नाच्या बाबतीत तेच झालं होतं. चौकशीच्या कागदावर टाइप केलेलं होतं, की कामगाराला आरोप ॲडमिट आहेत काय असे विचारले असता त्याने ॲडमिट असल्याचे सांगितले. खाली सायन्नाची सही.

"साहेबांनी काय विचारलं, नीट आठवून सांगा."

"साहेब कागूद वाचून दाखवले. लई लांबडा. मग म्हणले, ॲडमिट हाय का? मी म्हणलो, हाव साहेब, ॲडमिट व्हतो."

"मग?"

"मग ठीक हाय म्हणले. सही कर म्हणले. केलो."

"दवाखान्याचे कागद कुठे होते?"

"पिशवीत व्हते की. साहेब मागलेच न्हाईत."

"तुम्ही का नाही काढलेत?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "आता साहेबच इचारले ॲडमिट हाय का, म्हंजी त्यास्नी म्हाईत असंल की दवाखान्याचं. मी हाव म्हणलो. मिटला की इषय."

दारातून गंगामणी म्हणाली, "भायेर आले तवा हसत व्हते. साहेब देवमाणूस हाय म्हणले. एका बोलात सोडून दिला म्हणले."

आठवड्याभरात डिसमिसची ऑर्डर आली. तिची एक प्रत गेटवरच्या फलकावर लागली. आरोप मान्य केल्यामुळे बडतर्फ, असं तिच्यात लिहिलं होतं. सायन्ना हे सांगताना जमिनीकडे बघत होता. "नोकरीचं ऱ्हाऊ द्या मॅडम. पण बॉयलरवरची पोरं बोलून राहिलीत, सायन्ना इथं रजा टाकून तिकडं राईस मिलला कामाला जात व्हता. सोताच्या तोंडानं कबूल केला म्हणतेत. गावात कळलंय. मेव्हणा तर माझ्यासंगं बोलंना. त्येला वाटतंय, त्यो जीव वाचवला आन् मी त्येलाच खोटं पाडलो."

ते दोघे गेल्यावर मी कपाटातून इंग्रजी शब्दकोश काढला. 'ॲडमिट' हा शब्द मी वकिलीत रोज वापरते. रोज वापरायचा शब्द कुणी शब्दकोशात शोधत नाही. म्हणून असेल, पण त्या दिवशी मी ते पान सावकाश वाचलं.

मूळ लॅटिन. 'आद' म्हणजे कडे, आणि 'मित्तेरे' म्हणजे सोडणं, पाठवणं. दोन्ही मिळून आत सोडणं. वॉचमन गेट उघडून माणसाला आत सोडतो, ते खरं ॲडमिट. शाळा मुलाला आत घेते, दवाखाना रोग्याला आत घेतो, ते त्याच अर्थाने. मग कबुलीचा अर्थ कुठून आला? तोही आत सोडण्यातूनच. समोरचा एक गोष्ट घेऊन दाराशी उभा असतो. तू चोरी केलीस, म्हणतो. तुम्ही दार लावून घेता तोवर ती गोष्ट बाहेर असते. ती खरी आहे असं म्हणालात, की तुम्ही तिला आत घेतलंत. 'ॲडमिट्स ऑफ नो डाउट' असंही इंग्रजीत म्हणतात. म्हणजे शंकेला आत यायला जागाच नाही.

या 'मित्तेरे'चा गोतावळा आपल्या सरकारी मराठीत जागोजागी भेटतो. अर्ज सबमिट करतो तेव्हा तो साहेबापुढे खाली ठेवतो. परमिट म्हणजे आरपार जाऊ देणं. एखाद्यावर काम सोपवणं हे कमिट, आणि ज्यांच्यावर सोपवलं ती कमिटी. दूर पाठवणं, सोडून देणं म्हणजे डिसमिस. सायन्नाला ज्या शब्दाने आत घेतलं आणि ज्या शब्दाने बाहेर काढलं, ते दोन्ही सख्खे भाऊ निघाले. मला हे वाचून गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही. गेटवरचा तो फलक डोळ्यांपुढे येत होता.

खरी मेख मात्र लॅटिनमध्ये नव्हती, मराठीत होती. इंग्रजीत हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. 'आय ॲडमिट' म्हणजे मी कबूल करतो. 'आय वॉज ॲडमिटेड' म्हणजे मला दुसऱ्या कुणी तरी दाखल केलं. कोण करतंय आणि कुणाला करतंय, ते वाक्याच्या बांधणीतच दिसतं. आपण तो शब्द उचलला तेव्हा ही बांधणी तिकडेच राहिली. मराठीत पेशंट ॲडमिट आहे आणि आरोपही ॲडमिट आहे. 'ॲडमिट हाय का?' या प्रश्नात कोण ॲडमिट, काय ॲडमिट, काहीच नाही. ऐकणाऱ्याने आपल्या पदरचं घालायचं. सायन्नाच्या पोटावर टाके ओले होते. त्याने प्रश्नात ते टाकेच घातले.

लातुरात तर या शब्दाची आणखी वेगळी तऱ्हा. इथे ॲडमिशन म्हटलं की आधी क्लासच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. अर्ध्या महाराष्ट्रातून पोरं इथे ॲडमिशनला येतात. आमच्या कोर्टात त्याच ॲडमिशनचा अर्थ कबुली. आणि कबुलीपुढे दुसरा पुरावा लागत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

कंपनीचे वकील बिरादार यांनी पहिल्याच तारखेला मला बाजूला घेतलं. माणूस चांगला, माझ्याहून ज्येष्ठ.

"मॅडम, कशाला ताणताय? सही आहे त्याची. त्याला राजीनामा द्यायला सांगा. डिसमिसऐवजी राजीनामा दाखवू, अनुभवाचं चांगलं पत्र देऊ. दुसरीकडे लागेल कामाला."

"दवाखान्याचे कागद आहेत त्याच्याकडे."

"मग चौकशीत का दिले नाहीत? नंतर आणलेले कागद कुणीही आणतो. त्यात परराज्यातले. ॲडमिट म्हणजे ॲडमिट."

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मी ते सायन्नाला जसंच्या तसं सांगितलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाकावर बसला होता. राजीनाम्याला तो थेट नाही म्हणाला. मग त्याने विचारलं, "एका शबुदाला दोन मतलब कसं काय मॅडम?"

मी त्याला गेटचं उदाहरण दिलं. माणूस आत सोडणं आणि गोष्ट आत घेणं. त्याने ऐकून घेतलं.

"मग साहेब कबूल हाय का, असं का इचारले न्हाईत? मी न्हाई म्हणलो असतो की. कबूल तर आमच्या गावात लहान लेकरालाबी कळतंय."

खरं होतं. निजामाच्या राज्यात इथल्या माणसांच्या तोंडी बसलेला हा शब्द. मूळ अरबी, आणि त्याचाही अर्थ घेणं, स्वीकारणं असाच. निकाहात कबूल, सौद्यात कबूल, भांडणात कबूल. मराठवाड्यात हा शब्द कधी कुणाला अडला नाही. चौकशीत तो सोडून इंग्रजी आणला, कारण इंग्रजी शब्द जास्त पक्का वाटतो.

आता माझ्यापुढे अडचण होती. सायन्नाच्या मनात काय होतं, हे सायन्ना सांगणार. पण नोकरी जाणारा माणूस असंच सांगणार, असं बिरादार म्हणणार. खोलीत त्या वेळी दुसरे होते ते चौकशी अधिकारी चौधरी साहेब. मोठ्या कारखान्यातून पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. कंपनीने त्यांना साक्षीदार म्हणून आणलं होतं. चौकशी नियमाप्रमाणे झाली, हे सांगायला.

उलटतपासणी म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला आपण विचारलेले प्रश्न. तिचा पहिला नियम असा, की ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. चौधरी साहेब काय उत्तर देतील, मला ठाऊक नव्हतं. कागदात लिहिलंय तेच तो म्हणाला, एवढं जरी ते म्हणाले असते, तरी सायन्नाची केस तिथेच संपली असती. आणि त्यांना तसं म्हणणं सोपं होतं. पण न विचारताही ती संपणारच होती. मी विचारायचं ठरवलं.

सुरुवातीलाच न्यायाधीशांना विनंती केली. आमच्याकडे साक्ष लिहून घेताना सहसा प्रश्न गाळतात आणि उत्तराचं एक सलग वाक्य करतात. 'हे म्हणणे खरे आहे की' अशा थाटाचं. मी म्हणाले, "सर, या साक्षीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहून घ्यावं."

"कारण?"

"सगळा वाद एका शब्दाचा आहे. वाक्य नीटनेटकं केलं की तो शब्द हरवतो."

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी टायपिस्टकडे बघून मान हलवली.

मी चौधरी साहेबांना विचारलं, "तुमच्या घरात कुणी कधी दवाखान्यात होतं का?"

बिरादार उठले. "याचा काय संबंध?"

"पुढच्याच प्रश्नात कळेल, सर."

"विचारा," न्यायाधीश म्हणाले, "पण लवकर मुद्द्यावर या."

चौधरी साहेब म्हणाले, "मागच्या वर्षी मिसेस होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला."

"तेव्हा लोक फोनवर विचारायचे, वहिनी कशा आहेत. तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो की ॲडमिट आहेत."

"त्यांनी काही कबूल केलं होतं का?"

मागे कुणी तरी हसलं. न्यायाधीशही हसण्याच्या बेतात होते. चौधरी साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. प्रश्न कुठे चाललाय, ते त्यांना कळलं होतं. मला त्या क्षणी थोडी भीती वाटली. आता हा माणूस सावध होईल, असं वाटलं.

"साहेब, तुमच्या कागदावर जे वाक्य आहे ते तुमचं आहे की सायन्नाचं?"

"माझं. मीच टाइप केलं."

"सायन्ना स्वतः काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांगता येईल?"

बिरादार पुन्हा उठले. "सर, रेकॉर्ड समोर आहे. त्यावर त्याची सही आहे. आता तोंडी काय विचारायचं?"

न्यायाधीश म्हणाले, "आठवत असेल तर सांगू देत. नसेल तर नाही म्हणू देत."

   सायन्ना मागे भिंतीला लागून उभा होता. चौधरी साहेबांनी त्याच्याकडे बघितलं.

मग ते म्हणाले, "तो म्हणाला, हाव साहेब, ॲडमिट व्हतो."

टायपिस्टचे हात थांबले. न्यायाधीशांनी विचारलं, "व्हतो म्हणाला, की आहे म्हणाला?"

"व्हतो." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "आणि त्याने पोटाला हात लावला होता. हे मला आता आठवतंय. मला वाटलं, घाबरलाय."

बिरादार कागद चाळत खाली बसले. माझे आणखी प्रश्न तयार होते. मी ते विचारले नाहीत. "नो फर्दर क्वेश्चन्स" म्हणाले आणि मीही बसले.

निकाल यायला वेळ लागला. न्यायाधीशांनी लिहिलं, की कामगाराला न समजलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कबुली नव्हे. चौकशी न्याय्य झाली नाही आणि तिचा निष्कर्ष पुराव्यावर उभा नाही. अशा वेळी कंपनीला तेच आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करायची संधी मिळते. कंपनीने ती घेतली नाही. निजामाबादच्या कागदांची खातरजमा बिरादारांनी स्वतः करून घेतली होती. त्यांनीच कंपनीला सांगितलं, की याला परत घ्या.

तडजोडीच्या दिवशी कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "सोमवारपासून ये कामावर."

सायन्ना म्हणाला, "गेटवर कागूद लावा."

"कसला कागद?"

"आरोप खोटं व्हतं म्हणून. मराठीत. जिथं पयला लावला व्हता, तिथंच."

"अरे, नोकरी मिळतेय ना परत?"

"नोकरी मागून द्या. कागूद आधी लावा."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं.  माझ्या मागणीत ते नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. थोडी कुरबूर झाली, पण नोटीस लागली. गंगामणीने मोबाइलवर नोटिशीचा फोटो काढून आधी भावाला, सायन्नाच्या त्या मेव्हण्याला, पाठवला. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला म्हणे. सायन्ना आता बॉयलरवर आहे.

काही महिन्यांनी चौधरी साहेबांचा मला फोन आला. काम नव्हतं. हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, निवृत्तीनंतर मी बऱ्याच चौकश्या केल्या. बऱ्याच जणांनी पहिल्याच दिवशी ॲडमिट आहे म्हणून सांगितलं. मला वाटायचं, माझ्यापुढे लोक खरं बोलतात. त्यातले किती जण सायन्नासारखे असतील?"

"सांगता येणार नाही, साहेब."

"हो. आता सांगता येणार नाही."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात 'आठवत नाही' एवढंच म्हणून हा माणूस सुटला असता. हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आलाच नसता.

चौधरी साहेब अजून चौकश्या करतात. आता ते आरोप एकेक करून मराठीत सांगतात. समोरचा हो म्हणाला, की त्याला विचारतात, "हो म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत सांग." तो सांगतो, ते तसंच लिहून घेतात, चुकांसकट. त्यामुळे चौकशी फार लांबते. दोन्ही बाजूंचे वकील वैतागतात. त्यात बहुतेक वेळा मीही असते.